घसारा

'सोय' हा शब्द ऐकला की अलीकडे माझे माथे भडकते. माणसाला एखादी जागा आवडली की तो आधी तिथे स्वतःची सोय करायला घेतो, आणि सोय पुरी झाली की ती जागाच शिल्लक राहत नाही. हे मत पुष्कळांना पटणार नाही. आमच्या घरातच ते दोन विरुद्ध एक असे फेटाळले गेले आहे. पण वीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला लोकांचे न पटणे अंगवळणी पडलेले असते. तेव्हा बोलून घेतो.

वादाचे कारण अमेरिकेतल्या युटा राज्यातले 'आर्चेस' हे राष्ट्रीय उद्यान. 'उद्यान' म्हटल्यावर हिरवळ, कारंजे आणि भेळवाला डोळ्यांपुढे आणू नका. हे वाळवंट आहे. तांबडी माती, खुरटी झुडपे आणि दगड. मात्र दगड असे की पाहणाऱ्याची वाचा बसावी. दोन हजारांवर नैसर्गिक कमानी तिथे मोजलेल्या आहेत. वाटेल त्या भोकाला कमान म्हणत नाहीत. निदान तीन फूट तरी आरपार उघडे हवे, असा नियम आहे. नियमात बसणारा दगड पाहून मला तर भरून आले.

या कमानी झाल्या कशा, तेही ऐका. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. तो आटला आणि मिठाचा जाड थर राहिला. त्यावर खडक साठले, त्यांच्या ओझ्याने खालचे मीठ सरकले, वरचा दगड चिरला. चिरांत पाणी शिरले, थंडीत गोठून फुगले, कण कण सुटत गेला. आम्ही कॉमर्सवाले याला घसारा म्हणतो. जगात घसाऱ्यातून मालमत्ता उभी राहिल्याचे हे एकच उदाहरण माझ्या पाहण्यात आहे. पण घसारा तिथेच थांबत नाही. १९९१ साली 'लँडस्केप' कमानीचा मोठा तुकडा खाली आला, आणि ऑगस्ट २००८ मध्ये 'वॉल' नावाची कमान रात्री कोणी पाहत नसताना कोसळली.

सर्वांत नावाजलेली ती 'डेलिकेट' कमान. आतली पोकळीच सुमारे ४६ फूट उंच. तिच्यापर्यंत जाऊन-येऊन पाचेक किलोमीटर चालावे लागते. उघडा कातळ, सावली नाही, वाटेत पाणी नाही. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो. माणशी दिवसाला चार लिटर पाणी जवळ बाळगा, असे उद्यानवाले बजावतात. शेवटचा टप्पा तर कड्याच्या कडेकडेने. या कड्यावर उभे राहून डेनव्हरचे आमचे साडू म्हणाले, "अहो, एवढं श्रीमंत सरकार, आणि साधा रोपवे टाकता येत नाही यांना?"

हीच ती सोय! रोपवे आला की वर कॅन्टीन येणार, कॅन्टीन आले की वेफर्सची पाकिटे येणार, आणि मग कमानीच्या दोन्ही पायांना कठडा. आणि पाहायचे काय? कठडा.

यावर साडूंचा मुद्दा असा की, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी काय करायचे? मुद्दा बिनतोड वाटतो, पण आधी चौकशी करावी. 'बॅलन्स्ड रॉक' हा १२८ फुटी तोल सांभाळणारा दगड गाडीत बसून दिसतो. डेलिकेट कमान लांबून पाहण्याची एक जागा गाडीतळापासून शंभरेक यार्डांवर आहे, चाकांची खुर्चीही जाते. म्हणजे म्हाताऱ्यांची सोय आहे. नाही ती धडधाकट आळशांची, आणि ती नसावीच.

दुसरी तक्रार रांगेची. २०२१ साली तिथे १८ लाखांवर माणसे आली. गाडीतळ भरला की फाटक बंद. म्हणून २०२२ ते २०२५ या वर्षांत गर्दीच्या महिन्यांत आधी वेळ राखून ठेवून आत जाण्याची पद्धत ठेवली. लगेच ओरड झाली: सार्वजनिक मालमत्ता आहे, अडवता कसले? अहो, ठेवीदाराचा पैसा असतो म्हणून त्याला तिजोरीत उतरू देतात का? एडवर्ड अ‍ॅबी नावाचा लेखक १९५६-५७ मध्ये तिथे हंगामी रेंजर होता. त्याने १९६८ च्या 'डेझर्ट सॉलिटेअर' या पुस्तकात उद्यानांतून मोटारीच हद्दपार करा म्हटले. मी इतका कडक नाही. माझे गुडघे मला तसे होऊ देणार नाहीत. पण टोकन घेऊन बाकावर बसायला काय होते?

कारण खरे भांडवल पायाखाली आहे. तिथल्या मातीवर काळपट, खरबरीत साय धरलेली असते. ती जिवंत असते. सूक्ष्म जीव, शेवाळ, दगडफूल यांनी वाळू बांधून धरलेली. फोटोसाठी वाट सोडून एक पाऊल टाकले की ती मोडते आणि भरून यायला कित्येक वर्षे लागतात. अठरा लाख माणसांनी एकेक पाऊल टाकले तर हिशेब तुम्हीच करा.

आता कोणी म्हणेल, कमानी आपोआप पडतातच, मग आमच्या पावलाने काय बिघडते? इथेच माझा खरा आक्षेप आहे. घसारा निराळा आणि अफरातफर निराळी. पाऊस घेतो तो घसारा. २०१६ साली 'फ्रेम' कमानीवर कोणी खोल नावे कोरली, ती अफरातफर. आपल्याकडे अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या गोऱ्या अंमलदाराने १८१९ साली बोधिसत्त्वाच्या चित्रावर स्वतःचे नाव कोरले, आणि त्याचे वारस आजही आपल्या गडांवर बदाम काढीत फिरतात.

आणि घसारा थोपवायलाही जाऊ नये. १९५० च्या सुमारास डेलिकेट कमानीवर प्लॅस्टिकचा लेप द्यावा, असा विचार उद्यानवाल्यांनी केला होता. सुदैवाने तो सोडून दिला. कमानीला तिच्या वेळेला पडू द्यावे. तोवर पाण्याच्या बाटल्या घ्याव्यात, वाटेवरून चालावे आणि नंबर येईपर्यंत गप्प बसावे.

साडूंना हे पटलेले नाही. त्यांचे म्हणणे, बँकेतल्या माणसाला दुसऱ्याला रांगेत उभे केल्याशिवाय चैन पडत नाही. असेल. पण रांगेत उभे राहिलेल्या माणसाला निदान काउंटर तरी शाबूत सापडतो.