मूळ प्रत आणि वाटावयाची प्रत

लग्न-मुंजी, चवथ, जत्रा यांच्या चित्रफिती संगणकावर कापून-जोडून आप्तेष्टांना पाठविण्याची सोय आज घरोघरी झाली आहे. मात्र संकलन झालेली फीत कोणत्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढावी, हा प्रश्न आपण व्हिडिओवाल्यावर किंवा घरातील मुलांवर सोपवून मोकळे होतो. माझ्या मते हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. पुढील पिढीच्या हाती आपण काय देणार, याचाच तो निर्णय आहे.

आम्हा डॉक्टरांना यातील मर्म चटकन उमगावे. सीटी स्कॅनची मूळ फाइल डायकॉम पद्धतीची असते. सहकाऱ्याचे मत घेण्यासाठी तिचे छायाचित्र मोबाइलवरून पाठविले, तरी मूळ फाइल कोणी पुसून टाकत नाही. घरच्या चित्रफितीच्या बाबतीत मात्र नेमके तेच घडते. व्हॉट्सअॅपवर आकसलेली प्रत फिरत राहते, आणि जागा अडते म्हणून मूळ प्रत पुसली जाते.

फाइल लहान करताना डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील गाळला जातो. एकदा गाळलेला तपशील परत येत नाही. लहान केलेली फाइल पुन्हा संकलित करून पुन्हा लहान केली की झेरॉक्सच्या झेरॉक्सप्रमाणे ती आणखी बिघडते.

"मोबाइलवर सगळे सारखेच दिसते, मग हा खटाटोप कशाला?" असे कोणी विचारील. याचे उत्तर व्हीसीडीने दिलेले आहे. तिचे चित्र अवघे 352 बाय 288 बिंदूंचे. त्या काळच्या दूरदर्शन संचावर ते चांगले वाटे. आजच्या मोठ्या पडद्यावर त्याच चित्रात माणसांचे चेहरे धूसर होतात. ज्यांनी व्हीसीडी करून घेऊन कॅसेट टाकून दिली, त्यांच्या हाती आता तेवढेच उरले आहे. कॅसेट जपलेल्यांनीही विलंब करू नये. चुंबकीय फीत वर्षानुवर्षे झिजते, दमट हवेत तिला बुरशी लागते, आणि व्हीसीआरचे उत्पादन तर 2016 सालीच थांबले.

म्हणून दोन प्रती हव्यात. पहिली जपावयाची: कॅमेऱ्यातील मूळ फाइल जशीच्या तशी, आणि सोबत संकलित फीत उच्च बिटरेटवर काढलेली. दुसरी वाटावयाची: एमपी4 फाइल, चित्रासाठी एच.264 आणि आवाजासाठी एएसी. एच.264 हे मानक 2003 सालचे असल्याने आजोबांच्या जुन्या संगणकावरही ते बहुधा चालते. 2013 सालच्या एच.265 मुळे जागा वाचते, परंतु जुन्या यंत्रांवर ते अडते. 1080 रेषांच्या चित्राला सेकंदाला 8 मेगाबिट पुरेत; दहा मिनिटांची फाइल सुमारे 600 एमबी होईल. ती डॉक्युमेंट म्हणून पाठविली, तर व्हॉट्सअॅप तिला आकसवीत नाही. जुन्या कॅसेटवरील चित्र ताणून मोठे केल्याने नवा तपशील निर्माण होत नाही, हेही ध्यानी असावे. त्या चित्राच्या कडांवर हालचालीत दिसणारे कंगव्याचे दात मात्र वाटावयाच्या प्रतीत डीइंटरलेस करून जरूर काढावेत.

आपल्या नार्वे गावात तर या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. शिवछत्रपतींनी 1668 साली जीर्णोद्धार केलेले श्री सप्तकोटेश्वराचे देवालय अलीकडच्या दुरुस्तीनंतर फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा खुले झाले. त्यापूर्वीचे देवालय, गोकुळाष्टमीला पंचगंगेच्या तीर्थावर जमलेली माणसे, त्यांचे बोलणे, हे सारे ज्या घरगुती फितींत असेल, त्यांचे चित्रीकरण आता पुन्हा होणे नाही. त्या माणसांपैकी काहींचा आवाज अन्यत्र कोठेही उरलेला नसेल.

हार्ड डिस्कचा खर्च लग्नातील एका दिवसाच्या फुलांहून फारसा अधिक नाही. मूळ प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात, वर्षातून एकदा त्या उघडून पाहाव्यात आणि फाइलच्या नावात प्रसंग व साल लिहावे. रुग्णाचे कागदपत्र आपण ज्या दक्षतेने जपतो, त्याच दक्षतेला आपल्या माणसांचे चेहरे आणि आवाजही पात्र आहेत.