‘मानसिकता बदला’ म्हणणाऱ्या कोचला आधी त्याची खातेवही मागा

एप्रिल जवळ आला की पांढरकवड्यात दोन प्रकारचे बॅनर लागतात. एक आपल्या जयंतीचे. दुसरे त्याच्याच शेजारी, त्याच निळ्या रंगात, कोट घालून हाताची घडी घातलेल्या एखाद्या ‘बिझनेस कोच’चे. ‘नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे बना.’ वर बाबासाहेबांचा फोटो, खाली मोबाईल नंबर आणि ‘पहिले सेशन मोफत’. केळापूर तालुक्यातल्या खेड्यापाड्यातली आपली पोरं त्या बॅनरखाली उभी राहून नंबर सेव्ह करतात. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, आणि पुढे काय झाले तेही पाहिले आहे. म्हणून हा लेख.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, आम्ही धंद्याच्या विरोधात नाही. चळवळीतले काही जुने कार्यकर्ते लगेच 1938 च्या मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेची आठवण देतात. बाबासाहेबांनी तिथे ब्राह्मणशाहीबरोबर भांडवलशाहीलाही शत्रू म्हटले होते, मग आपल्या पोरांनी व्यापारी व्हायचे कशाला, असा त्यांचा सवाल. दादा, गावात तेलाचा घाणा टाकून दोन माणसांना रोजी देणारा पोरगा भांडवलदार नसतो. महात्मा फुले पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या नावाने बांधकामाची कंत्राटे घेत होते, आणि सत्यशोधक समाजही त्याच माणसाने उभा केला. आज सरकारी नोकरी कंत्राटी झाली, भरती निघत नाही, निघाली तर पेपर फुटतो. पाटलाची सालदारी करायची नाही हे तर आपण कधीच ठरवले आहे. मग धंदा करावाच लागेल. तो कोणाच्या सल्ल्याने करायचा, हा प्रश्न आहे.

सल्लागाराचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आपल्या पोरांना माहीत असायला हवी. 1917 मध्ये बडोद्याचा अपमान सोसून मुंबईत परतल्यावर बाबासाहेबांनी पोटासाठी जी कामे केली, त्यात शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी एक कंपनीही होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला सल्लागार! गिऱ्हाईके आली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले, तशी ती यायची बंद झाली. कंपनी गुंडाळावी लागली. 1918 च्या शेवटी ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तो पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण या बंद पडलेल्या कंपनीकडे जरा थांबून बघा. त्या गिऱ्हाइकांनी सल्ला तपासला नाही, सल्ला देणाऱ्याची जात तपासली. आज आपण सल्ला देणाऱ्याचा कोट, गाडी आणि स्टेजवरची लाईट तपासतो. सल्ला तेव्हाही कोणी तपासला नाही आणि आजही तपासत नाही. आणि दुसरी गोष्ट, बाबासाहेबांकडे काय कमी होते? ज्ञान? जिद्द? ‘पॉझिटिव्ह माईंडसेट’? धंदा बुडाला तो जातीमुळे. आजचा कोणताही कोच स्टेजवरून हे उदाहरण सांगणार नाही, कारण हे सांगितले तर त्याचा माल विकला जाणार नाही.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाचे सांगतो. नाव, गाव सांगत नाही, त्या कोचचेही सांगत नाही. मुलगा बी.कॉम. झालेला, बौद्ध वस्तीतला, घरी तीन एकर कोरडवाहू. जवस, तीळ, शेंगदाण्याचे तेल काढायचा घाणा टाकायची त्याची कल्पना. कल्पना चांगली होती. आधी 99 रुपयांचा ऑनलाईन क्लास केला. तिथे सांगितले की खरे गुपित तीन दिवसांच्या शिबिरात आहे, ते 4,999 चे. शिबिरात मोठ्याने गाणी लावली, डोळे मिटून आईची आठवण काढायला लावली, पोरं ढसाढसा रडली, आणि रडणे चालू असतानाच सांगितले की आजच्या आज पैसे भरणाऱ्या पहिल्या दहा जणांना वर्षभराची मेंटॉरशिप 65,000 मध्ये. आईने बचत गटातून 40,000 उचलले, उरलेले सोयाबीनचे होते. वर्षभरात मिळाले काय? एक व्हॉट्सअॅप ग्रुप, काही पीडीएफ, आणि रोज सकाळी सहा वाजता ‘मी करोडपती आहे’ असे अकरा वेळा म्हणायचा आदेश. घाण्याला किती युनिट वीज लागेल, पेंड कोण घेईल, खाण्याचे तेल विकायला एफएसएसएआयची नोंदणी लागते, यावर एक शब्द नाही. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, जो आम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सुचला: बौद्ध वस्तीतल्या घाण्याचे तेल गावातली माणसे घरात नेतील का? नेणार नसतील तर माल बाटलीत भरून पांढरकवड्याच्या दुकानात, नाहीतर महामार्गाने आदिलाबादकडे न्यावा लागेल, म्हणजे हिशोबच बदलला. मुलाने हे ग्रुपवर विचारले. उत्तर आले, ‘जात तुझ्या डोक्यात आहे, ती काढ.’ पुन्हा विचारले तर ग्रुपमधून काढले. वर निरोप आला की तुझ्यात आग नाही.

‘तुझ्यात आग नाही.’ हे वाक्य आम्ही नीट ओळखतो. आपल्या आजोबांना सांगितले होते की तुमच्या दारिद्र्याचे कारण तुमच्या मागच्या जन्मीच्या पापात आहे. नातवाला सांगतात की तुझ्या अपयशाचे कारण तुझ्या मानसिकतेत आहे. दोन्हीकडे गुन्हेगार एकच, जो भोगतो तोच. बँकेचा मॅनेजर जामीन मागतो, गावातले गिऱ्हाईक नाव-आडनाव विचारते, उधारी द्यायला होलसेलवाला तयार होत नाही, हे सगळे गायब. उरते फक्त तुझे डोके. आणि ते दुरुस्त करायचे तर पुढचा कोर्स घ्या. कर्मसिद्धांतात निदान दक्षिणा एकदाच द्यावी लागत होती की काय, असे वाटायला लागते.

म्हणून आमची पहिली परीक्षा साधी आहे. जो कोच तुमच्या धंद्यात जात कुठे आडवी येईल, पैसा कुठून येईल आणि गिऱ्हाईक कोण, हे पहिल्या बैठकीत विचारत नाही, त्याला दुसऱ्या बैठकीचे पैसे देऊ नका. तो दलित असो की सवर्ण.

कारण ‘आपला माणूस आहे’ हा युक्तिवाद आता फार ऐकू येतो. जय भीम म्हणून सुरुवात करतो, भाषणात शिका-संघटित व्हा-संघर्ष करा म्हणतो, विहाराला पंखा देतो. द्या पंखा, आम्ही आभार मानू. पण पंख्याच्या बदल्यात विहारातल्या चाळीस पोरांचे फोन नंबर मिळत असतील, तर पंखा फार स्वस्तात पडला.

आपलीच पोरं का सापडतात, याचे उत्तर त्यांच्या भोळेपणात शोधू नका. व्यापाऱ्याच्या घरातला मुलगा दहा वर्षांचा झाला की काकाच्या शेजारी गादीवर बसतो. माल कधी भरायचा, कोणाला उधार द्यायचे, कोणत्या महिन्यात हात आखडायचा, हे त्याला फुकट कळते. त्याचा कोच घरात जेवायला असतो. आपल्याकडे तो काका नाही. आपला बाप दुसऱ्याच्या वावरात होता, काकू जिनिंगमध्ये कापूस वेचत होती. गोंड, कोलाम घरांचीही तीच गत. ही रिकामी जागा खरी आहे, मार्गदर्शकाची गरज खरी आहे. बाजाराने ती ओळखली, चळवळीने ओळखली नाही. हा दोष आमच्यावरही येतो, तो आम्ही घेतो.

मग खरा मार्गदर्शक ओळखायचा कसा? हाच प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी केसपुत्त गावच्या कालामांनी बुद्धाला विचारला होता. आमच्या गावात एकामागून एक आचार्य येतात, प्रत्येक जण आपले मत थोर आणि दुसऱ्याचे टाकाऊ म्हणतो, आम्ही विश्वास कोणावर ठेवावा? बुद्धाने माझ्यावर ठेवा असे म्हटले नाही. ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, बोलणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा आणि हिताचे असेल तरच घ्या, असे सांगितले. स्वतः सिद्धार्थानेही आलार कालामाकडे जे शिकण्यासारखे होते ते शिकून घेतले, आणि आलाराने आपल्या बरोबरीचे स्थान देऊ केले तेव्हा नम्रपणे निरोप घेतला. आजचा कोच ‘तूही माझ्यासारखा कोच हो, तीन जण जोड’ म्हणतो तेव्हा ही गोष्ट आठवावी. माणसे जोडून पैसे फिरवण्याच्या योजनांवर 1978 च्या कायद्याने बंदी आहे, आणि 2021 च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनुसार सामील होण्यासाठी प्रवेश फी घेता येत नाही. तुम्ही जोडलेला तिसरा माणूस तुमचा मावसभाऊच असणार, हेही लक्षात ठेवा.

तपासायचे म्हणजे कागद तपासायचे. वकिलाला, सीएला कायद्याची परिषद असते, सनद काढून घेता येते. बिझनेस कोच व्हायला आपल्या देशात कसलाच परवाना लागत नाही, आज सकाळी ठरवले तर संध्याकाळी होता येते. भिंतीवर आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लावलेले असेल तर कोणत्या संस्थेचे ते विचारा. आयसीएफ ही 1995 मध्ये सुरू झालेली खासगी संस्था आहे. तिची सगळ्यात खालची पायरीही 60 तासांचे शिक्षण आणि 100 तासांचा अनुभव मागते. एवढे असूनही त्या माणसाला कापसातले किंवा तेलातले काही कळते असे सिद्ध होत नाही. त्यापेक्षा जीएसटी क्रमांक मागा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, आणि क्रमांक खरा की खोटा हे जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट बघता येते. स्टेजवर ‘माझी उलाढाल पाच कोटी’ म्हणणाऱ्याकडे क्रमांकच नसेल तर तो खोटे बोलतो किंवा कर चुकवतो. दोन्हीपैकी तुम्हाला काय शिकायचे आहे? मग विचारा की हे पाच कोटी कोणत्या धंद्यातून आले. कोर्स विकूनच आले असतील तर त्याला कोर्स विकता येतो एवढे कळले. शेवटी ज्यांचा धंदा बुडाला अशा दोन जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर मागा. यशस्वी माणसे तो स्वतःच पुढे करील. माझ्या हाताखाली कोणीच बुडाला नाही, असे म्हणाला तर चहा पिऊन उठा.

फी एकरकमी देऊ नका, रोख देऊ नका. किती बैठका, कोणत्या कामासाठी, मध्येच सोडले तर किती परत, हे कागदावर घ्या. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा 1915 हा नंबर आहे, जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. पण पावतीच नसेल तर आयोग तरी काय करणार.

आणि ‘सबसिडी मिळवून देतो’ म्हणणाऱ्यापासून दोन हात लांब. पीएमईजीपीमध्ये ग्रामीण भागातल्या अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदाराला 35 टक्के अनुदान आहे, स्वतःचे 5 टक्के घालायचे असतात. हे ऐकून पोरं हरखतात. कोच सांगत नाही की ते अनुदान हातात येत नाही. बँकेत तुमच्या कर्जाच्या नावाने तीन वर्षे ठेव म्हणून पडून राहते, आणि युनिट खरोखर चालू आहे याची तपासणी झाल्यावर कर्जात वळते होते. मशीनचे खोटे बिल जोडून पैसा उचलायचा सल्ला ऐकलात तर कमिशन त्याचे आणि थकबाकीदार म्हणून नाव तुमचे. उद्यम नोंदणीला एक रुपयाही लागत नाही, तिचेही हजार-दीड हजार घेणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

फुकटचे शिक्षण कमी दर्जाचे असते, असा एक समज पसरवला जातो. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था प्रत्येक जिल्ह्यासाठी बँकांमार्फत चालते. राहणे-जेवण-शिक्षण मोफत, आणि नंतर दोन वर्षे पाठपुरावा करणे हा तिच्या कामाचाच भाग आहे. तिथे गाणी लावत नाहीत. हिशोब लिहायला लावतात, म्हणून आपली पोरं कंटाळतात. अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेची रचना बघा. त्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नेमली जाते. अर्जदाराकडून नव्हे, सरकारकडून तिला मानधन मिळते, आणि तेही अर्धे कर्ज मंजूर झाल्यावर, उरलेले नोंदण्या होऊन युनिट उभे राहिल्यावर. म्हणजे तुमचे काम झाले तर त्याचे पोट भरते. प्रत्यक्षात हे लोक फोन उचलत नाहीत, अशीही तक्रार असते. उचलत नसतील तर मोर्चा न्यायला आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. कोटवाल्या कोचवर मोर्चा नेता येत नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. 65,000 गेले ते गेलेच. आईच्या गटाचे हप्ते तो अजून फेडतो आहे. दरम्यान आठवडी बाजारात बावीस वर्षे तेल-मसाल्याचे दुकान लावणाऱ्या आपल्याच समाजातल्या एका बाईंकडे आम्ही त्याला नेले. बाई चौथी शिकलेल्या. त्यांनी त्याला सहा रविवार फक्त गल्ल्यावर बसवले आणि रोज रात्री विचारले, आज कोणते गिऱ्हाईक परत गेले आणि का गेले? सातव्या रविवारी त्याने घाण्याचा हिशोब नव्याने मांडून आणला. मशीन आधी ठरवले होते त्याच्या निम्म्या ताकदीचे, आणि पहिले वर्ष तेल विकायचे नाही, लोकांचे जवस-तीळ त्यांच्यासमोर पिळून द्यायचे. बाईंनी वही दोनदा वाचली, एका ठिकाणी पेन्सिलने खूण केली आणि म्हणाल्या, ‘विजेचा दर चुकला बाबू, धंद्याचा मीटर घरच्या मीटरपेक्षा जास्त खातो. उद्या महावितरणच्या ऑफिसात जाऊन विचारून ये.’