सूर्याची वीज आणि गांवची पेटी

जालना जिल्ह्यांत हल्लीं विहिरीविहिरींवर सौरपंपाचे पॅनेल चमकूं लागले आहेत. किंमतीचा दहावा हिस्सा भरून पंप मिळतो आणि रात्रीं-बेरात्रीं विंचूकांट्यांतून पाणी धरण्याचा जाच टळतो, हें आम्हांस मनापासून मान्य आहे. परंतु पॅनेलचें आयुष्य २५ वर्षांचें आणि दुरुस्तीची हमी मात्र ५ वर्षांची. मग सहाव्या वर्षीं काय, हें आमच्या वाचकांनीं आजच स्वतःस विचारावें.

पुणें जिल्ह्यांतील दरेवाडी ह्या डोंगरांतल्या आदिवासी वस्तीनें ह्याचें उत्तर २०१२ सालींच दिलें. घरें चाळीसएक, तारांची वीज तेथवर पोंचलेली नव्हती. ग्रामऊर्जा ह्या पुण्याच्या कंपनीनें तेथें सुमारें ९ किलोवॉटचें सौरकेंद्र उभारिलें. यंत्रसामग्री देणगीच्या पैशांतून आली, त्यांत नवल तें कसलें? नवल हें कीं, गांवानें आपलें विश्वस्त मंडळ नेमिलें, घरोघर मीटर बसविले, आणि जो जितकी वीज जाळील त्याजकडून दरमहा तितके पैसे घेण्याचें ठरविलें. बॅटऱ्या थोड्या वर्षांत थकतात, त्या बदलण्यास पैसा लागेल, हा हिशेब त्यांनीं पहिला दिवा लागतांनाच मांडला होता. आम्हां सातबारेवाल्यांना तो अद्याप सुचलेला नाहीं.

बिहारांत धरनई येथें २०१४ सालीं १०० किलोवॉटचें केंद्र मोठ्या गाजावाजानें सुरू झालें. थोड्याच वर्षांत बॅटऱ्या बसल्या, तारांची स्वस्त वीज आली, आणि केंद्राच्या आवारांत गुरें बांधलीं जाऊं लागलीं.

कोणी म्हणेल, आमच्या पंपास बॅटरी नाहीं आणि पंपही ज्याचा त्याचा. त्यास गांवची पेटी कशास? आम्ही म्हणतों, कंट्रोलर जळाला म्हणजे एकट्यासाठीं कारागीर तालुक्याहून येत नाहीं, पन्नासांसाठीं येतो. शिवाय फुकटच्या उन्हावर दिवसभर चालणारा पंप विहिरीचा तळ गांठील, ही भीति निराळीच. तिजवरही गांवाचाच निर्बंध चालेल, एकट्याचा नव्हे. आपल्याच जिल्ह्यांतील कडवंचीकरांनीं १९९६ पासून बांधबंदिस्ती करून पाणी अडविलें, तें सारें गांव एकत्र बसल्यामुळेंच.

आमची सूचना साधी आहे. दर पंपामागें सुगीस ठराविक रक्कम सोसायटीच्या निराळ्या खात्यांत पडावी, आणि गांवांतील एखाद्या होतकरू मुलास हें दुरुस्तीचें काम शिकवावें. पहिली वर्गणी येत्या सोयाबीनच्या पट्टीवरच घ्यावी.