एका बोर्डावरचा संसार

नवा फ्लॅट, पहिला रविवार आणि मित्रमंडळी जेवायला! ओट्यापाशी सॉकेट एकच. मग काय, आणला एक्स्टेन्शन बोर्ड, लावला कन्व्हर्टर आणि इंडक्शन, किटली दोन्ही एकदम सुरू. दहा मिनिटांत जळका वास. बघते तर बोर्डाचं प्लास्टिक वितळलेलं. आणि एमसीबी? ढिम्म! पडलाच नव्हता.

गणित साधं आहे. इंडक्शन २००० वॉट, किटली १५००. एकूण ३५०० भागिले २३० व्होल्ट, म्हणजे साधारण १५ अँपिअर. बोर्ड ६ चा, एमसीबी १६ चा. एमसीबी भिंतीतली वायर सांभाळतो. तुमच्या बोर्डाची काळजी तुम्हीच घ्यायची.

तेव्हा मंडळी, इंडक्शन, ओव्हन, मायक्रोवेव्ह थेट १६ अँपिअरच्या, जाड पिनांच्या सॉकेटवर. मिक्सरला ६ चा पुरतो. वरची लांब पिन अर्थिंगची; ती काढून ‘बसतंय की!’ म्हणू नका. फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर आधी वायरमनला फोन. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे ना, तेही बघा. करंट अंगातून जायला लागला, तर तोच क्षणात लाइन तोडतो. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. खटका पडला नाही, तर तो नुसता शोभेचा.

भिंतीतली नवी लाइन मात्र लायसन्सवाल्या वायरमनकडूनच. मी घेतली. त्या रविवारी आम्ही सगळे जागे होतो, म्हणून वास आला. रात्री झोपेत असतो तर?