सायकल-यात्रेपूर्वीचे तीन महिने

थंडी पडू लागली की जिल्हा समित्यांच्या बैठकांत सायकल-यात्रेचा ठराव हमखास येतो. विषय कधी वीजबिलांचा असतो, कधी शेतमालाच्या भावाचा, कधी जातीय सलोख्याचा. ठराव एकमताने मंजूर होतो, पत्रके छापली जातात, हुतात्मा स्मारकापाशी झेंडा दाखवला जातो. त्यानंतर काय घडते याची नोंद मात्र अहवालात सापडत नाही. दहाव्या किलोमीटरला निम्मे यात्री उतरून चालू लागतात, पंधराव्याला सायकली टेम्पोत चढतात आणि पुढच्या गावाच्या वेशीपाशी त्या पुन्हा खाली उतरवून मंडळी घोषणा देत गावात शिरतात. गावकऱ्यांना हे समजत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी खेडे पाहिलेले नाही. टेम्पोतून आलेल्या सायकलीच्या टायरला धूळ नसते आणि स्वाराच्या सदऱ्याची इस्त्री शाबूत असते, एवढे शाळकरी पोरालाही कळते.

यात ढोंग आहे हे खरे, परंतु त्याच्या मुळाशी बहुधा अज्ञानच असते. तालुक्याचे काम आज ज्यांच्या खांद्यावर आहे ते बहुतेक कार्यकर्ते पंचेचाळिशी-पन्नाशीतले आहेत. शाळा-कॉलेजात असताना यांनी सायकल पुष्कळ हाकली. पहिली मोटारसायकल दारात आली आणि ती सुटली. पोहणे आणि सायकल एकदा आली की विसरत नाही, असे म्हणतात. ते तोल सांभाळण्यापुरते खरे आहे. छाती, मांड्या, गुडघे आणि बैठक यांना पंचवीस वर्षांपूर्वीचे काहीच आठवत नसते. आठवते ते फक्त मनाला, आणि तेच घातक ठरते. विशीत रोज 20 किलोमीटर सायकल मारणारा गृहस्थ पन्नाशीत पहिल्याच दिवशी 20 किलोमीटरचा बेत आखतो, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना भिंत धरतो आणि तिसऱ्या दिवशी सायकल माळ्यावर टाकतो. समितीचा ठराव गुडघ्यांवर बंधनकारक नसतो.

हा प्रश्न काही मूठभर स्थूल कार्यकर्त्यांचा नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 2022 मध्ये भारतातील जवळजवळ निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. स्त्रियांत हे प्रमाण शंभरांत 57 होते, पुरुषांत 42. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम स्वरूपाचे श्रम, एवढी साधी कसोटी जागतिक आरोग्य संघटनेने ठेवली आहे. निम्मा देश तीत उतरत नाही.

उरलेल्या निम्म्यांत कोण येते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवून पहाटे निघणारा गवळी, कॅरिअरला फावडे-घमेले बांधून नाक्यावर येणारा बिगारी, पाव विकणारा, पेपर टाकणारा. यांना कोणी अंतर वाढवण्याची पद्धत शिकवली नाही, पोटाने शिकवली. मे 2020 मध्ये, टाळेबंदीच्या काळात, पंधरा वर्षांची एक मुलगी जखमी बापाला मागे बसवून गुरुग्रामहून बिहारमधील दरभंग्यापर्यंत सुमारे 1200 किलोमीटर सायकल चालवत गेली. देशाने तिचे कौतुक केले आणि सायकल महासंघाने तिला चाचणीचे बोलावणे धाडले. त्या मुलीला तो प्रवास का करावा लागला, हा प्रश्न त्या कौतुकात बुडून गेला. सक्तीने कापलेल्या अंतराला व्यायाम म्हणणे हा श्रमिकांचा अपमान आहे. पांढरपेशा कार्यकर्त्याने त्या मुलीचा दाखला देऊन ‘मनात आणले तर काय होत नाही’ असे भाषण करणे हा त्याहून मोठा अपमान होय. त्याला निवड करण्याची मोकळीक आहे आणि वेळ आहे. ती मोकळीक नीट वापरायची तर सावकाशीने वापरावी.

सावकाशी म्हणजे काय, हे जरा तपशिलाने सांगावयास हवे, कारण या बाबतीत आपापल्या मर्दुमकीच्या कथांपलीकडे कार्यकर्त्यांत फारशी चर्चा होत नाही. प्रथम सायकल. जुनी, दांड्याची, वीस किलोच्या आसपास भरणारी सायकलही चालते. महागड्या परदेशी सायकलीवाचून काही अडत नाही. परंतु चाकांत हवा पुरेशी हवी, चेनला तेल हवे आणि ब्रेक लागले पाहिजेत. सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सीटची उंची. बसल्या-बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून आपल्याकडे सीट खाली ठेवतात, आणि मग गुडघे दुमडलेलेच राहून दुखू लागतात. दोष वयाला दिला जातो. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, इतकी सीट वर हवी. चालवताना चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा बाक आपोआप राहतो. एका पान्याचे हे काम आहे.

मग अंतर. पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर 3 ते 4 किलोमीटर, आठवड्यातून चार दिवस, एवढेच. हे इतके थोडे वाटते की बहुतेकांना त्याची लाज वाटते, आणि घात होतो तो इथेच. दमसास काही आठवड्यांत सुधारतो. स्नायूबंध आणि सांधे यांना त्याहून अधिक काळ लागतो. म्हणजे छाती ‘चल’ म्हणू लागते तेव्हा गुडघा अजून तयार झालेला नसतो, आणि उत्साही माणूस नेमका त्याच सुमारास जखमी होतो. वेगाची कसोटी सोपी आहे: शेजारच्या सहकाऱ्याशी पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. कार्यकर्त्याचे बोलणे बंद पडले तर तो फार जोरात चालला आहे असे खुशाल समजावे. तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्याचा एकच दिवस, समजा रविवार, लांब फेरीचा धरावा आणि तेवढीच फेरी दोन-तीन, पुढे तीन-चार किलोमीटरने वाढवावी. सहाव्या आठवड्यात ती 11 किलोमीटरची होईल, नवव्यात 17, अकराव्यात 25, तेराव्यात 30. मध्ये दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी करावे; विश्रांतीत शरीर जे कमावते ते सलग ताणात कमावत नाही. बैठकीचे दुखणे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांना होतेच. एखादा दिवस सोडून पुन्हा बसले की ते ओसरते. चढावर उतरून चालावे. घाटात सायकल हाताने ढकलणारा गवळी कोणाला कमीपणाचा वाटत नाही, मग जिल्हा सरचिटणिसाने का संकोचावे?

चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा छातीतील कळ यांचा इतिहास असलेल्यांनी, आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाची औषधे वा इन्शुलिन घेणाऱ्याने खिशात गूळ ठेवावा आणि एकट्याने लांब जाऊ नये. यात भित्रेपणा नाही.

या सगळ्यात स्त्री कार्यकर्त्यांचा विचार वेगळा करणे भाग आहे, कारण त्यांच्यापैकी अनेकींच्या बाबतीत सायकल सुटण्याचा प्रश्नच आला नाही. ती हाती आलीच नव्हती. घरात एक सायकल असे आणि ती भावाची असे. चाळिशीतल्या बाईने भर गावात सायकल शिकायची म्हणजे पडण्याच्या भीतीपेक्षा हसण्याची भीती मोठी. यावरचा उपाय तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्याने दाखवून ठेवला आहे. 1991 साली तेथे ‘अरिवोळी इयक्कम’ ही साक्षरता मोहीम सुरू झाली आणि जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणे हा मोहिमेचाच भाग केला. शेतमजूर, दगडाच्या खाणीत राबणाऱ्या, अंगणवाडी चालवणाऱ्या हजारो बाया सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी ती हकीकत लिहून ठेवली आहे. लेडीज सायकली अपुऱ्या पडल्या तेव्हा बायांनी दांड्याच्या सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच अधिक पसंत पडल्या, कारण दांड्यावर पोर बसवता येई. टोमणे मारणारे होतेच. परंतु एकटीला टोमणा मारणे सोपे असते, पन्नास जणींना मारणे अवघड. अक्षर आणि सायकल यांची अशी सांगड घालण्याचे महाराष्ट्रातील पुरोगामी चळवळीला का सुचले नाही, याचा विचार शिबिरांतून कधीतरी व्हावा.

समाजवाद्यांना हा वारसा नवा नाही. इंग्लंडात ‘क्लॅरियन’ या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी 1894 साली बर्मिंगहॅम येथे सायकल क्लब काढला. ही मंडळी सुटीच्या दिवशी सायकलीवरून खेडोपाडी जात आणि अंक व पुस्तिका वाटत. जर्मनीत 1896 साली ‘सॉलिडॅरिटेट’ ही कामगार सायकलस्वारांची संघटना उभी राहिली. पुढे तिचे सभासद तीन लाखांवर गेले आणि ऑफेनबाख येथे तिने स्वतःचा सायकल कारखाना चालवला. 1933 साली नाझींनी तिच्यावर बंदी घातली. म्हणजे त्यांना तिची भीती वाटत होती. या दोन्ही ठिकाणी सायकल हे नियमित कामाचे साधन होते, वर्षाकाठी एकदा छायाचित्रापुरते बाहेर काढण्याचे नव्हे. (उत्तर प्रदेशातील समाजवादी पक्षाचे निवडणूक चिन्हच सायकल आहे. तिच्यावर ठसा मारणारे कोट्यवधी निघाले. बसणारे नेते किती, हे तेथील कार्यकर्त्यांनी मोजावे.)

शरीर तयार झाले तरी रस्ता तयार नसतो, ही तक्रार रास्त आहे आणि ती राजकीय आहे. कोलकात्यात 2013 साली पोलिसांनी 174 रस्त्यांवर सायकलीला बंदी केली; पुढे यादी आखडली, पण वाहतूक अडते ती गरिबाच्या वाहनाने, ही समजूत कायम राहिली. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्याच्या महापालिकेने डिसेंबर 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास खाजगी कंपन्यांनी भाड्याच्या रंगीत सायकली आणल्या आणि नफा दिसेना तेव्हा त्या निघून गेल्या. 3 जून 2020 रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, साहिबाबादच्या ॲटलस कारखान्यातील शेकडो कामगार कामावरून थांबवले गेले. नवशिका प्रौढ स्वार रोज त्याच रस्त्यावर उतरू लागला म्हणजे नगरपालिकेपुढील मागणीला त्याचा स्वतःचा अनुभव जोडला जातो: कोणत्या चौकात कडेची पट्टी हातगाड्या आणि मोटारींनी अडवली आहे, कोणत्या पुलावर खड्डा आहे, हे त्याला तोंडपाठ असते. एरवी अशी निवेदने वर्तमानपत्र पाहून लिहिली जातात.

ऊसपट्ट्यातल्या जिल्ह्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. जानेवारीत गळीत हंगाम जोरात असतो आणि मागे दिवा नसलेल्या जोड ट्रॉल्या रात्रंदिवस धावत असतात. अंधार पडल्यावर यात्रा चालवू नये, महामार्ग टाळून गावरस्ते धरावेत. मुक्काम दिवसाला 25 किलोमीटरहून लांब नसावेत: सकाळी 15, दुपारी सभा आणि भेटी, उन्हे कलल्यावर 10. आठ दिवसांत 200 किलोमीटर होतात आणि टेम्पोत सामानाखेरीज काही ठेवावे लागत नाही.

30 जानेवारीला यात्रा काढायची तर पहिले 3 किलोमीटर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, पहाटे, उन्हे तापण्यापूर्वी झाले पाहिजेत. म्हणजे ठराव दसऱ्याच्या आसपासच्या बैठकीत यावयास हवा. तो डिसेंबरात आला तर त्या वर्षी साधी जाहीर सभा घ्यावी आणि सायकलींची सीट तेवढी वर करून ठेवावी.