मान मोडून

'मान मोडून अभ्यास कर,' असे वडीलधारी माणसे सांगतात, तेव्हा त्यांचा हेतू खचितच चांगला असतो. वार्षिक परीक्षा जवळ आली, की हा वाक्प्रचार घरोघर कानी पडू लागतो. परंतु मुलांनो, पुष्कळ विद्यार्थी तो अक्षरशः अमलात आणतात! पुस्तक मांडीवर, पाठीचे धनुष्य झालेले, हनुवटी छातीला टेकलेली, अशा थाटात ते दोन-दोन तास बसून राहतात आणि मग मान आखडली, खांदे भरून आले, अशी तक्रार करीत उठतात. अलीकडे पुस्तकाची जागा बहुधा मोबाइल फोनने घेतली आहे. बैठक मात्र तीच राहिली आहे.

मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन सामान्यतः साडेचार ते पाच किलोग्रॅम असते. एवढा भार मानेतील सात मणक्यांच्या उतरंडीवर तोललेला असतो. (मौजेची गोष्ट अशी, की जिराफाच्या लांबलचक मानेतही मणके सातच असतात.) डोके या उतरंडीच्या बरोबर वर असले, म्हणजे स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. ते पुढे झुकले, की त्याला सावरून धरण्याचे काम मानेच्या मागील बाजूच्या आणि खांद्यांच्या स्नायूंवर येऊन पडते. पाण्याने भरलेला तांब्या छातीशी धरा आणि मग तोच हात लांब करून धरून पाहा. तांब्या तोच, पाणी तेवढेच. पण दुसऱ्या खेपेस हात लवकरच थरथरू लागतो. विज्ञानाच्या पुस्तकातील तरफेचा नियम तो हाच. अमेरिकेतील एका शल्यचिकित्सकाने २०१४ साली हिशेब मांडून दाखविले, की मान ६० अंशांनी वाकविली, तर तिच्यावर सुमारे २७ किलोग्रॅम भार येतो. हा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

यावरून पुष्कळ लोक एकच बोध घेतात : 'ताठ बसा!' ही आज्ञा मला अर्धीच पटते. स्नायू आखडून धरला, की त्यातील बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्ताचा पुरवठा कमी होतो. तो सैल सोडला, की रक्त पुन्हा खेळू लागते. आता, खांद्याचा स्नायू वाकून बसल्यामुळे आखडला काय, किंवा गुरुजींच्या धाकाने ताठ बसल्यामुळे आखडला काय, त्याला दोन्ही सारखेच! कवायतीत 'सावधान' नंतर 'विश्राम' असतो, तो काही उगाच नव्हे. शिवाय, पोक काढून बसणाऱ्या कित्येकांची मान कधी दुखत नाही आणि ताठ बसणाऱ्या कित्येकांची दुखते, असेही आढळून येते. अपुरी झोप, परीक्षेची धास्ती, व्यायामाचा अभाव, यांचाही या दुखण्यात वाटा असतो. तेव्हा वाकण्यापेक्षा एकाच रीतीने फार वेळ बसून राहणे अधिक बाधते, असे माझे मत आहे.

आणि येथेच आपल्या शाळांची रीत आडवी येते. वर्गात एखाद्या मुलाने आळोखेपिळोखे दिले, तर त्याची गणना आळशांत होते. वस्तुतः त्याचे शरीर शहाणे असते. झोपेतून उठलेले मांजर पाहा. पाठीची कमान करून, पुढचे पाय लांबवून अंग ताणल्याशिवाय ते एक पाऊलही टाकत नाही. आणि मांजराला आळशी म्हणणाऱ्याने त्याला उंदरामागे धावताना पाहिलेले नसावे! औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. त्या नमस्कारात शरीर एकदा पुढे वाकते, एकदा मागे वळते. कोणत्याही एका अवस्थेत ते अडकून पडत नाही.

वर्गातल्या वर्गात सूर्यनमस्कार घालावेत, असे मी म्हणत नाही. एक मिनिट पुरे आहे. दोन्ही खांदे कानांपर्यंत उचलावेत आणि सैल सोडून द्यावेत. मान हळूच एका बाजूस कलवून मनात वीस अंक मोजावेत, मग दुसऱ्या बाजूस. हात पाठीमागे गुंफून छाती रुंद करावी. हिसका देऊ नये, श्वास कोंडू नये. ताण जाणवावा, पण दुखू नये. काही मुले ऐटीने मानेचा कडाकडा आवाज काढतात, तो पराक्रम मुळीच करू नये. अर्थात ताणण्याने आराम पडतो, बळ येत नाही. त्यासाठी जोर, पोहणे, मल्लखांब यांसारखे व्यायामच हवेत. दप्तरही दोन्ही खांद्यांवर घ्यावे. ते मुलाच्या वजनाच्या एक दशांशाहून जड नसावे, असे केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणात सांगितले आहे. म्हणजे ४० किलोग्रॅम वजनाच्या मुलाने ४ किलोग्रॅमपर्यंत. मात्र पडल्याझडल्याने मान दुखू लागली, सोबत ताप आला, हाताला मुंग्या येऊ लागल्या, किंवा दुखणे दिवसेंदिवस हटेना, तर मान ताणीत बसू नये. घरी सांगून डॉक्टरांना दाखवावे.

अशाने वर्गाची शिस्त बिघडेल, असा आक्षेप काही शिक्षक घेतील. थोडा गलका होईल हे खरे. पण दुखऱ्या मानेने निमूट बसलेल्या मुलाचे चित्त धड्यात असते, असे मानणे भाबडेपणाचे आहे. आणि हे मिनिट कोठून आणावे, हाही प्रश्न नाही. एक तास संपून दुसऱ्या तासाचे शिक्षक वर्गात येईपर्यंत ते रोज मोकळेच असते. वर्गनायकाने फळा पुसता पुसता सर्वांना उभे करावे.