जमाखर्चाच्या पुढचा हिशेब

जबलपूरचे विद्यापीठ १९५६ साली स्थापन झाले. १९८३ पासून त्यास राणी दुर्गावतीचे नाव आहे. तेथे वा अन्यत्र वाणिज्य शिकणारा आपला मुलगा वा मुलगी जमाखर्च चोख लिहूनही व्यवस्थापकीय लेखाशास्त्रात का अडखळते? येथे प्रश्न झालेल्या व्यवहाराचा नसून घ्यावयाच्या निर्णयाचा असतो.

समजा, एका लहान कारखान्याचे भाडे व पगार महिना ६,००० रुपये. बादलीमागे पत्रा आणि नगावरची मजुरी ३० रुपये. महिन्यास बादल्या ५००; म्हणजे नगास खर्च ४२. कोणी आणखी १०० बादल्या ३८ रुपयांस मागतो. घरातील वडीलधारे म्हणतील, "नगामागे चार रुपयांचा तोटा, नको!" परंतु भाडे वाढत नाही. यंत्रे रिकामी असतील तर नगामागे ८, एकूण ८०० रुपये पदरी पडतात. मात्र जुन्या गिऱ्हाइकांनीही तोच भाव मागितला, तर ६०० बादल्यांचे ४,८०० रुपये भाड्यापगारासही पुरणार नाहीत. महिन्यास १,२०० ची खोट येऊन गडीमाणसे कमी करण्याची पाळी येईल. परीक्षार्थी सूत्र पाठ करतो आणि नेमके हे "मात्र" लिहावयाचे विसरतो.

पुढे जावयाचे असल्यास, १९५९ च्या कायद्याने मान्यता मिळालेल्या परिव्यय लेखापालांच्या संस्थेच्या परीक्षा आहेतच.